जॉब कार्डावर न आलेली तक्रार

१६ नोव्हेंबर २०१७. दिल्ली-पानिपत महामार्गावर एका ह्युंदाई क्रेटाला जबर अपघात झाला. गाडी जेमतेम सव्वादोन वर्षांची. पुढे दोन एअरबॅग होत्या, दोन्ही मिटलेल्याच राहिल्या. मालकाच्या डोक्याला, छातीला, दातांना मार बसला. तो ग्राहक आयोगात गेला, तेव्हा कंपनीचे म्हणणे असे होते की समोरून ठरावीक जोराचा धक्का बसला तरच एअरबॅग उघडते. तसा धक्का बसला नाही, म्हणून ती उघडली नाही.

आता त्या जखमी माणसाने काय करायचे होते? गाडी किती वेगात होती, धक्का कोणत्या कोनातून बसला, सेन्सरपर्यंत किती जोर पोहोचला, याचे गणित मांडायचे? दिल्ली राज्य आयोगाने एकूण तीन लाख रुपये भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगाने तो कायम केला आणि २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा: वेग आणि बल यांचे सिद्धान्त लावून धडकेचा हिशेब करण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असावा, अशी अपेक्षा धरता येणार नाही. एअरबॅगचे नाव सांगून गाडी विकली आणि साधारण समजूतदार ग्राहक जी सुरक्षा गृहीत धरतो ती मिळाली नाही, तर कंपनीला दंडात्मक भरपाईही लावली पाहिजे, असेही मत न्यायालयाने नोंदवले.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण गाडीच्या प्रत्येक भांडणात शेवटी एकच प्रश्न उरतो. बिघाड कशामुळे झाला हे सिद्ध कोणी करायचे? ज्याने गाडी बनवली, ज्याच्याकडे नकाशे, चाचण्या, सुट्या भागांच्या खपाचे आकडे आणि देशभरातल्या वर्कशॉपमधून येणारी माहिती आहे, त्याने? की ज्याच्याकडे फक्त चावी आणि कर्जाचे हप्ते आहेत, त्याने? आपल्याकडे बहुतेक वेळा हे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर पडते. आणि ते पडायला सुरुवात न्यायालयात होत नाही, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर होते.

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपली फाइल माझ्यासमोर टेबलावर पसरली. कंपनीचे नाव इथे देत नाही. त्यांची गाडी नवी असल्यापासून अधूनमधून स्टीअरिंग एकाएकी जड व्हायचे. दोन-चार सेकंद, की पुन्हा पहिल्यासारखे. एकदा खंबाटकी घाट उतरताना वळणावरच तसे झाले. शेजारी पत्नी, मागे नातवंडे. “दोन्ही हातांनी ओढून वळवली गाडी,” ते म्हणाले. “घाट संपल्यावर बाजूला घेतली आणि बराच वेळ तशीच उभी ठेवली.”

आता त्यांची जॉब कार्डे बघा. वरच्या भागात ग्राहकाची तक्रार लिहायची जागा असते. पहिल्या कार्डावर तिथे लिहिले आहे, ‘जनरल चेकअप’. दुसऱ्यावर ‘पेड सर्व्हिस, वॉशिंग’. तिसऱ्यावर ‘स्टीअरिंग चेक’, आणि खाली निरीक्षण, ‘फाउंड ओके’. चौथ्यावर पुन्हा ‘जनरल चेकअप’. घाटाचा उल्लेख कुठेही नाही. स्टीअरिंग जड होते, हे तीन शब्दसुद्धा नाहीत. गुरुजींनी प्रत्येक वेळी तोंडाने सगळे सांगितले होते. ॲडव्हायझरने मान डोलावली होती, टॅबवर बोट फिरवले होते, सही घेतली होती. सही करताना वर काय लिहिले आहे ते वाचावे, असे त्यांना वाटले नाही. आपल्यापैकी कितीजण वाचतात?

वॉरंटी संपल्यावर सातव्या महिन्यात स्टीअरिंगची मोटर पूर्ण बंद पडली. खर्च मालकाचा. आधीपासूनची तक्रार आहे म्हणून त्यांनी कार्डे पुढे केली, तर कार्डांनी त्यांची बाजू घेतली नाही.

मध्येच येऊन मध्येच जाणारा बिघाड हा सगळ्यात वाईट. वर्कशॉपमध्ये नेली की गाडी सरळ चालते. ट्रायल घ्यायला आलेला मेकॅनिक आवारातून एक फेरी मारून येतो आणि सांगतो, “काहीच नाही, सर.” ते खोटे बोलतात असे नाही. त्या फेरीत खरोखरच काही झालेले नसते. पण एक दुसरे वाक्यही काउंटरवर सर्रास ऐकू येते: “सर, नॉर्मल आहे, या मॉडेलला येतोच हा आवाज.” ग्राहक ते ऐकून गप्प बसतो. खरे तर त्याने इथेच बोलायला हवे. आवाज एकाच गाडीला येत असता तर चालवण्याची पद्धत, रस्ते, धक्के असली कारणे काढता आली असती. सगळ्या गाड्यांना येत असेल तर दोष कारखान्यातून आलेला आहे, आणि तो कंपनीच्याच माणसाने तोंडाने मान्य केला आहे.

ॲडव्हायझरवर सगळा राग काढणेही बरोबर नाही. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात, तेही क्लेम मंजूर झाला तर. नामंजूर झाला तर भुर्दंड डीलरला. त्यामुळे काउंटरवरचा पोरगा दोन्ही बाजूंनी अडकलेला असतो. ग्राहक समोर ओरडतो आणि मागून मॅनेजर विचारतो की एवढे क्लेम का टाकतोस. मधल्यामध्ये तक्रार मवाळ होत जाते आणि कारखान्यापर्यंत पोहोचते तेव्हा ती तक्रार उरलेलीच नसते.

पोहोचलेली तक्रारही कशी गाडली जाते, याचे सर्वांत भेदक उदाहरण अमेरिकेतले आहे. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे. ते प्रकरण नीट सांगायला हवे, कारण त्यात एका कंपनीच्या आत नेमके काय घडते ते कागदोपत्री बाहेर आले आहे.

शेव्हरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या कमी किमतीच्या गाड्या २००० नंतरच्या दशकात तिकडे खूप खपल्या. त्यांच्या चावीच्या स्विचमध्ये एक छोटी दट्टी आणि तिच्यामागे एक स्प्रिंग असते. चावी ‘चालू’ या जागेवर घट्ट राहावी हे त्यांचे काम. या गाड्यांत ती पकड ठरवून दिलेल्या मापापेक्षा ढिली होती. चावीला जड जुडगा असेल, गुडघा लागला किंवा खड्ड्यात दणका बसला, तर चावी आपोआप मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद, ब्रेकची मदत बंद. आणि त्याबरोबर एअरबॅगचाही वीजपुरवठा बंद. म्हणजे गाडी ताब्यातून जाणार त्याच क्षणी तिचे शेवटचे कवचही गळून पडणार.

तक्रारी सुरुवातीपासून येत होत्या. पण कंपनीतल्या अभियंत्यांनी चालती गाडी बंद पडणे हा ग्राहकाच्या ‘सोयी’चा प्रश्न ठरवला, सुरक्षेचा नाही. स्विच आणि एअरबॅग यांचा संबंध ज्यांना कळायला हवा होता ते वेगवेगळ्या विभागांत बसत होते. २००५ मध्ये दुरुस्तीचे प्रस्ताव आले, ते खर्चाच्या हिशेबात बसत नाहीत म्हणून बंद झाले. त्याच वर्षाच्या शेवटी डीलरांना एक पत्रक गेले: तक्रार आलीच तर ग्राहकाला चावीच्या जुडग्यातले जड सामान काढायला सांगा. त्या पत्रकात गाडी बंद पडते हा उल्लेख मुद्दाम टाळला होता, कारण तो शब्द वाचून सुरक्षेची शंका उभी राहिली असती. हे पुढे कंपनीनेच नेमलेल्या वकिलाच्या, अँटन वलुकास यांच्या, तीनशेहून अधिक पानी अहवालात आले.

सर्वांत गंभीर गोष्ट यानंतरची. २००६ मध्ये स्विचची दट्टी बदलून लांब करण्यात आली आणि पकड सुधारली. पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. कारखान्यात कोणताही भाग बदलला की त्याचा क्रमांक बदलायचा, हा अगदी प्राथमिक नियम. तो पाळला नाही म्हणून जुना सदोष स्विच आणि नवा चांगला स्विच कागदावर एकच दिसू लागले. अपघातांचा तपास करणाऱ्या कंपनीच्याच लोकांना पुढची कित्येक वर्षे कळेना की अमुक सालापर्यंतच्या गाड्यांतच एअरबॅग का दगा देतात.

२०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एक तरुण परिचारिका अशाच गाडीत गेली. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या बाजूने नेमलेले मार्क हूड हे अभियंते. त्यांनी अपघातातल्या गाडीचा स्विच तपासला आणि तुलनेसाठी डीलरकडून सुमारे तीस डॉलरला त्याच क्रमांकाचा नवा स्विच विकत आणला. दोन्ही शेजारी ठेवून एक्स-रे काढला, मापे घेतली. नव्याची दट्टी जुन्यापेक्षा जेमतेम दीड मिलिमीटरने लांब होती. हजारो अभियंते पदरी बाळगणाऱ्या कंपनीने जी गोष्ट कागदावर येऊ दिली नव्हती, ती एका माणसाने दुकानातून आणलेल्या भागाने उघडी पाडली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने गाड्या परत बोलावायला सुरुवात केली. आकडा पुढे सुमारे २६ लाखांवर गेला. मृत्यू तेरा, असे कंपनी आरंभी म्हणत होती. नुकसानभरपाई ठरवायला नेमलेल्या केनेथ फाइनबर्ग यांच्या निधीने अखेरीस १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून अमेरिकी सरकारशी तडजोड केली. पंधरा कर्मचारी काढले गेले. तुरुंगात कोणी गेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत रस्ते सुरक्षेची सरकारी संस्था, एनएचटीएसए, नागरिकांच्या तक्रारी जाहीरपणे मांडते. या गाड्या चालताना बंद पडतात अशा २६० हून अधिक तक्रारी अकरा वर्षांत तिच्याकडे जमा झाल्या होत्या, आणि तरीही तिने औपचारिक चौकशी सुरू केली नव्हती. म्हणजे सरकारी संस्थाही चुकली. पण तक्रारी उघड्यावर असल्यामुळे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांना त्या मोजता आल्या आणि संस्थेला जाब विचारता आला. नोंद जाहीर असली की दुर्लक्षाचाही पुरावा राहतो.

जनरल मोटर्सचाच एक धडा आपल्याकडेही आहे. शेव्हरोले टवेरा आठवत असेल. टूरिस्ट टॅक्सी म्हणून महाराष्ट्रभर धावलेली गाडी. जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ ते २०१३ या काळातल्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावत असल्याचे जाहीर केले. प्रदूषणाच्या चाचणीसाठी धूर कमी सोडणारी निवडक इंजिने बाजूला काढून तीच बसवली जात होती, हे कंपनीच्या स्वतःच्या तपासात निघाले आणि तिने ते सरकारला कळवले. सरकारी समितीने याला कॉर्पोरेट फसवणूक म्हटले. चार वर्षांनी कंपनीने भारतात गाड्या विकणेच थांबवले आणि तिच्या गाड्या घेतलेले लोक सुट्या भागांसाठी गॅरेजा शोधत राहिले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतली धुराची लबाडी २०१५ मध्ये जगभर गाजली. आपल्याकडे ती तपासली पुण्यात, कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेने, आणि डिसेंबर २०१५ मध्ये ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

म्हणजे तपासायची क्षमता आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. ती पुण्यात १९६६ पासून आहे. नव्हता तो कायदा. २०१० मध्ये मुंबईत नवी कोरी टाटा नॅनो पेटली, आणखी काही ठिकाणीही पेटल्या. कंपनीने वर्षाअखेर सगळ्या मालकांना जादा सुरक्षा उपाय मोफत बसवून देऊ केले, पण ते रिकॉल नाही असे सांगत. तेव्हा तिला भाग पाडणारे कलमच नव्हते. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळायची संहिता केली. सक्ती आली ती मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने. कलम ११० अ. सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असणारा दोष आढळला तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि कंपनीला ग्राहकाचे पैसे परत करायला, गाडी बदलून द्यायला किंवा दुरुस्त करायला लावू शकते. याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागतात आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला एक कोटी म्हणजे किती, हे वाचकांनीच ठरवावे. मला तो फार थोडा वाटतो.

पण खरी मेख दुसरीकडे आहे. सरकारने आपणहून हालचाल करावी म्हणून तक्रारींची किमान संख्या ठरवून दिली आहे. वर्षाला दहा हजारांहून अधिक विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या बाबतीत ती १,२५० आहे. साताऱ्याच्या गुरुजींची तक्रार यात कुठे मोजली गेली? कुठेच नाही. सर्व्हिस सेंटरला सांगितलेले सरकारच्या पोर्टलवर आपोआप जात नाही. तिथे मालकाने स्वतः नोंद करावी लागते आणि असे पोर्टल आहे हेच बहुतेकांना माहीत नसते. एकाच मॉडेलचे दोन हजार मालक दोनशे गावांत तेच दुखणे सोसत असले, तरी त्यातला प्रत्येकजण समजतो की आपलीच गाडी पनवती निघाली.

आपल्याकडची बहुतेक रिकॉल कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेली असतात. ज्या कंपनीने गाड्या परत बोलावल्या तिला नावे ठेवण्याची आपली सवय चुकीची आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ मिळून १ लाख ८१ हजारांहून अधिक पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला बोलावल्या. भाग बदलायला सुरुवात नोव्हेंबरात होणार होती, म्हणून तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, असे मालकांना कळवले. ऐन पावसाळ्यात हे पाळणे ठाण्या-मुंबईच्या माणसाला सोपे नव्हते. तरीही मी याला जबाबदारी म्हणतो. दोष आहे, तो कुठे आहे, तोवर काय जपायचे, हे कंपनीने उघडपणे सांगितले. प्रश्न आहे तो न सांगितलेल्या दोषांचा.

पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांच्या गर्दीत एका मिस्त्रींचे गॅरेज आहे. आजूबाजूची चार दुकाने त्यांच्याकडे बघून कोणता भाग भरून ठेवायचा ते ठरवतात. “ह्या गाडीचं लोअर आर्म महिन्याला किती जातात विचारा समोरच्या शेठला,” ते म्हणाले. “कंपनीला म्हाईत नसंल असं हुईल का?” नसेल कसे? कोणता भाग किती खपतो हे कंपनीइतके कोणालाच माहीत नसते. मिस्त्रींची दुसरी व्यथा स्कॅनरची. नव्या गाड्यांत बिघाड आधी कॉम्प्युटरमध्ये उमटतो आणि तो पूर्ण वाचायचे साधन कंपनीच्या वर्कशॉपमध्येच असते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता, तो याचसाठी. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या त्याविरुद्ध वर गेल्या. नाना पेठेत अजून परिस्थिती फारशी पालटलेली नाही. यात भुर्दंडापेक्षा मोठा तोटा हा की ग्राहकाला दुसरे मत घ्यायची सोयच राहत नाही. डॉक्टर बदलता येतो, गाडीचा वैद्य कंपनीने ठरवलेलाच.

मग माणूस ग्राहक आयोगात जातो. कायदा तिथे वाटतो त्याहून बरा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. बनवण्यातला दोष, रचनेतला दोष, सांगितलेल्या मापाप्रमाणे वस्तू नसणे, वापराच्या पुरेशा सूचना न देणे, या सगळ्यांसाठी उत्पादक थेट जबाबदार. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असे नाही. पण तक्रारीला मुदत दोन वर्षांची, आणि दोष पाहून सांगता येत नसेल तर तज्ज्ञांचा अहवाल मागवला जातो, त्याचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. कित्येक तक्रारी याच टप्प्यावर पडतात.

शिवाय जुने निकाल आडवे येतात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका प्रकरणात सांगितले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे कबूल केले असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही. तेव्हापासून कंपन्यांचे वकील हा निकाल हाताशी ठेवून असतात. दुसरी आडवाट डीलरची. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ ची नवी गाडी म्हणून पैसे मोजले आणि डीलरने त्याला २००९ मध्ये बनलेली, सहाशेहून अधिक किलोमीटर फिरलेली गाडी दिली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत कंपनीलाही जबाबदार धरले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. डीलर हा तिचा एजंट नाही, दोघांचा व्यवहार स्वतंत्र, आणि डीलरने काय केले हे कंपनीला माहीत असल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण गाडी घेणारा बोर्डावरचे नाव बघून आत शिरतो, आणि ते नाव कंपनीचे असते.

आणि वेळ. कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, तपासणी लागली तर पाच. हैदराबादच्या एका संस्थेने २५ सप्टेंबर २००९ रोजी बीएमडब्ल्यू घेतली, चौथ्या दिवशी ती बिघडली. प्रकरण फौजदारी वाटेने गेले. मधे कंपनीने नवी गाडी देऊ केली, ग्राहकाला व्याजासह पैसे हवे होते. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला पन्नास लाख द्यायला लावून ते मिटवले. पंधरा वर्षे. वकिलांची फी परवडणाऱ्या संस्थेची ही गत, तर हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाने किती तग धरायचा?

सध्या घराघरांत ज्यावर वाद चालू आहे, त्या ई२० पेट्रोलचे उदाहरण जबाबदारी कशी निसटते ते चांगले दाखवते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतचे इंधन वापरा असे छापलेले आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. सरकार म्हणते घट किरकोळ आहे आणि गाडीला धोका नाही. साध्या पेट्रोलचा पर्याय मिळावा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. आपल्या ऊस उत्पादकांना इथेनॉलने आधार दिला आहे, तो मला नको आहे असे नाही. पण रबरी नळी किंवा फ्युएल पंप गेला तर खर्च कोण देणार, हे पुस्तिका छापणारी कंपनी, पंप चालवणारी कंपनी आणि धोरण करणारे मंत्रालय यांनी एकत्र बसून लेखी सांगायला हवे होते. ते झाले नाही, म्हणून बिल गाडीवाल्याकडे येते.

बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये, ग्राहक संरक्षणाचा कायदा यायच्या बारा वर्षे आधी. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि वाण्याच्या दुकानातल्या मालासाठी मध्यमवर्ग संघटित झाला. घराखालोखाल सर्वांत महाग वस्तू असलेल्या गाडीसाठी मात्र आपण एकेकटे भांडतो. कायदा एकत्र यायची सोय देतो: समान तक्रार असलेल्या ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकजणही दावा लावू शकतो. त्यासाठी आधी बाकीचे कोण आहेत ते कळले पाहिजे.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. परिवहन मंत्रालयाने आलेली प्रत्येक तक्रार मालकाचे नाव वगळून, मॉडेल, साल आणि दोषासह लोकांना वाचता येईल अशी जाहीर करावी. आणि कंपन्या डीलरांना दुरुस्तीची जी अंतर्गत पत्रके पाठवतात ती सरकारकडे जमा करून उघडी करावीत, अमेरिकेत ती कोणालाही पाहता येतात. या दोन गोष्टींना नवा कारखाना लागत नाही, नवी प्रयोगशाळा लागत नाही.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसला द्याल तेव्हा जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: काय झाले, कुठे, किती वेगाला. न लिहिता सही करू नका. प्रत घरी आणा. ॲडव्हायझर नाही म्हणाला तर तोच मजकूर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. सुरक्षेचा दोष असेल तर परिवहन मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवर नोंदवा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.